पहिला बाण मारायला सगळे तयार, दुसऱ्याचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात नुकतंच एका शेतकरी बंधूंचं पत्र आलं होतं, रानडुकरं आणि भेकरं मारायला सरकारने धनुष्यबाणाची परवानगी द्यावी म्हणून. आमच्या वाडीत त्यावर बरीच चर्चा झाली, दोघातिघांनी तर मोबाईलवर कंपाऊंड बोच्या (कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्याच्या) किमतीपण बघून घेतल्या. म्हणून म्हटलं लिहूया, कारण त्या पत्रातलं अर्धं मला पटलं आणि अर्धं वाचून डोकं फिरलं.

पटलं ते आधी सांगतो. मीपण लांज्याकडचाच, काजू, थोडा आंबा, आणि खाली मळ्यात भात. पोटरीला आलेला भाताचा कोपरा डुकरं एका रात्रीत असा लोळवून टाकतात की सकाळी बांधावर उभं राहून शिव्या घालाव्या का रडावं कळत नाही. माकडं शहाळी पाडतात, खात नाहीत, नुसती पाडतात. राखणीला माणूस मिळत नाही, पोरं सगळी मुंबईला. बंदुकीचा परवाना मागायला जा आणि किती हेलपाटे होतात बघा, आणि ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची आहे त्यांनी इलेक्शन आलं की ती ठाण्यात जमा करायची, नेमकी पीक उभं असताना. तेव्हा राग आहे, आणि तो खोटा नाही.

पण त्या पत्रात पुढे लिहिलंय की बाणाला आवाज नाही, धोका नाही, आणि बाण लागला की जनावर जागच्या जागी शांतपणे पडतं, अमेरिकेत लाखो लोक असंच करतात. हे साफ चूक आहे साहेब. अमेरिकेत लाखो लोक बाणाने हरणं मारतात हे खरं, कायदेशीर सीझन असतो, लायसन असतं, सगळं खरं. फक्त जागच्या जागी शांतपणे हे खरं नाही, आणि तिथले जे चांगले शिकारी आहेत त्यांची निम्मी अक्कल तर बाण लागल्यानंतर काय करायचं यातच खर्च होते. आपल्याकडे त्यातलं पहिलं निम्मंच यूट्यूबवरून येतं.

गोळीचा धक्का असतो, तसा बाणाला नाही. बाणाच्या टोकाला पात्यासारखी धारदार ब्लेडं असतात, ती आत जाऊन रक्तवाहिन्या कापतात आणि जनावर रक्त जाऊन मरतं. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर दहा-पंधरा सेकंदांत, शे-दीडशे मीटरच्या आत खेळ संपतो. व्हिडिओत दाखवतात ते हे. पण तोच बाण जरा मागे गेला की लिव्हर, आणखी मागे गेला की पोट आणि आतडी, आणि मग ते हरीण तासन् तास जगतं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, चालतं, बसतं, पाणी शोधतं.

आणि बाण मागे जातो कसा, तर नेम चुकला म्हणूनच असं नाही. आवाज नाही म्हणणाऱ्यांनी हिशोब करून बघावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, चांगल्यातल्या चांगल्या कंपाऊंड बोचा बाण ८०-९० मीटर. म्हणजे तीस मीटरवर उभ्या असलेल्या हरणाच्या कानात दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी पोचला. हरीण दचकून उडी घ्यायला आधी पाय दुमडतं, अंग खाली जातं, वळतं, आणि छातीवर धरलेला बाण पाठीत नाहीतर पोटात. तिकडच्या लोकांनी याला नावपण ठेवलंय. त्यात मारणाऱ्याचा हात थरथरला वगैरे काही नसतं, सगळं बरोबर करूनही असं होतं.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. त्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही दोघं गेलो होतो, ऑक्टोबर होता, तिकडे बाणाचा सीझन सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो तो जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. शेजारी एक म्हातारा, स्वतःची जमीन, दरवर्षी शिकार करणारा. एका संध्याकाळी तो घरी आला आणि भाच्याला म्हणाला, उद्या सकाळी येतोस का, एक मादी लागलीय पण पोटात लागलीय. मी म्हटलं आता का नाही जायचं, बॅटऱ्या आहेत, चला. भाचा म्हणाला, "मामा, आता मागे लागलो तर ती उठून मैलभर जाईल आणि मग कुणालाच सापडणार नाही. आज रात्री तिला बसू द्यायची."

म्हाताऱ्याने तो बाण आणला होता, आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतलेला. मी जवळून बघितला. पिसांना रक्त होतं पण लाल नव्हतं, तपकिरी-हिरवट काहीतरी चिकटलेलं, आणि त्याने तो नाकाशी धरून मलापण हुंगायला दिला, उघडलेल्या कोथळ्याचा वास. त्याने सांगितलं की फेसाळ आणि लालभडक असतं तर फुप्फुस, अर्धा तास थांबायचं आणि जायचं. गडद लाल असेल तर लिव्हर, तीन-चार तास. हिरवट आणि असा वास असेल तर आठ-बारा तास हात लावायचा नाही. झाडावरच्या मचाणावरून त्याने लगेच दुसरा बाण चढवला होता, पण ती दोन उड्यांत झाडीत गेली, पुढे दिसली नाही.

सकाळी तो कुत्रा घेऊन आला, आपल्याकडच्या गावठी कुत्र्याच्या निम्मा, बुटका, लांबलचक, गळ्यात भलामोठा पट्टा. तिकडे बऱ्याच राज्यांत जखमी हरणाचा माग काढायला पट्ट्याला बांधलेला कुत्रा चालतो. जिथे जिथे रक्ताचा थेंब दिसेल तिथे म्हातारा टॉयलेट पेपरचा तुकडा टाकायचा. मागे वळून बघितलं की पांढऱ्या तुकड्यांची ओळ दिसायची आणि ती कुठल्या दिशेला चाललीय ते कळायचं. मधे एका ठिकाणी शेजाऱ्याची हद्द लागली तर तिथे थांबून त्याने फोन लावला, परवानगी घेतली, मग पुढे. (आपण गडगा ओलांडताना कुणाला विचारतो ते सोडा.)

ती एका ओढ्याकाठी बसलेली सापडली. जिवंत. मान वर करून आमच्याकडे बघितलं तिने, उठता आलं नाही. म्हाताऱ्याने बाण चढवला आणि ती आमच्याकडे पाठ करून होती तरी मागून मारला, एक, आणि मग थोडं बाजूला जाऊन आणखी एक. मी भाच्याला विचारलं की हाच म्हातारा काल सांगत होता ना, मागून कधी बाण मारायचा नाही, आडवं उभं असेल तरच मारायचा, मग आता? भाच्याने त्याला इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, पहिल्या वेळी मी नाही मारला तरी चालतं, आता नाही मारून चालत नाही.

माझं सगळं पत्र या एका मुद्द्यावर आहे. पहिल्या बाणाला हजार अटी, अंतर किती, उभं कसं आहे, मधे फांदी आहे का, उजेड आहे का, एक जरी अट बसली नाही तरी हात खाली घ्यायचा आणि घरी जायचं, कुणाचं काही बिघडत नाही. एकदा रक्त निघालं की त्या अटी गळून पडतात. अंतर जास्त असो, कोन वाईट असो, मटण खराब होवो, जनावर पायावर उभं आहे आणि पल्ल्यात आहे तर दुसरा बाण गेलाच पाहिजे, तिसरापण. तिकडे यावर वाद घालणारे आहेत, काही म्हणतात पहिला चांगला लागलाय असं वाटत असेल तर उगाच दुसरा मारून मांसाची नासाडी कशाला, मरतंय ते. मला हे पटत नाही. चांगला लागलाय असं वाटणं आणि चांगला लागलेला असणं यात फार फरक असतो, अंधार पडत असताना तर जास्तच. आणि उलटपक्षी, जनावर दिसेनासं झालंय आणि पोटात लागलंय तर तिथे दया म्हणजे मागे धावणं नाही, रात्रभर जागून बसून राहणं. हे दुसरं मला तिथे जाईपर्यंत माहीतच नव्हतं, आणि खरं सांगू का, म्हाताऱ्याचा रात्री तीनला किचनचा लाईट चालू बघितला तेव्हा मला तो माणूस आवडला.

एवढं करूनही किती सुटतात? मेरीलँड राज्यात अमेरिकन नौदलाचा एक तळ आहे, तिथे धनुष्यवाल्यांच्या शिकारीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी ठेवल्यात. आधुनिक धनुष्यं, आणि बाण लागलेल्या नऊशेच्या आसपास हरणांपैकी साधारण १८ टक्के सापडलीच नाहीत. पाच-सहातलं एक. त्यातली काही बरीपण झाली असतील, पण बाकीची कुठेतरी झुडपात मेली. हे जिथे थंडी आहे, आणि कायद्याने उजेडात शोधत फिरता येतं तिथलं. जर्मनीत तर हरणावर बाण चालवायला बंदीच आहे, इंग्लंडमध्येसुद्धा १९९१ च्या डिअर ॲक्टमध्ये बाण आणि भाला दोन्ही नको म्हणून लिहिलंय. फ्रान्स, डेन्मार्कमध्ये चालतं. म्हणजे शहाण्या लोकांतही यावर एकमत नाही, आणि आपले बंधू मात्र पत्रात एका वाक्यात निकाल लावून मोकळे.

आता हे सगळं आपल्या रानात आणून बघा. तिकडचं हरीण आपल्या भेकराच्या तिप्पट-चौपट. भेकर म्हणजे वीस-पंचवीस किलोचा जीव, त्याच्या छातीची जागा तळहाताएवढी. करवंदीच्या जाळीत आणि काजूच्या खालच्या फांद्यांत पंधरा मीटरवरचं धड दिसत नाही, काडीला घासला तरी बाण भलतीकडे. आणि पिकाचं नुकसान होतं कधी, तर पावसात. पावसात रक्ताचा माग कसा टिकणार, पंधरा मिनिटांची सर आली की सगळं धुऊन वहाळात. आणि पोटात लागलं तर बारा तास थांबायचं हा नियम तिकडच्या थंडीतला आहे, तिथे सकाळपर्यंत मांस टिकतं म्हणून माणूस थांबतोपण. आपल्या उकाड्यात बारा तासांनी काय हाती लागणार, म्हणजे मटणासाठी गेलेला माणूस एकतर लगेच मागे लागणार आणि जनावर पळवणार, नाहीतर सोडून देणार.

आणि सोडूनच देतो. कारण आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, नुसतं जखमी करणंसुद्धा त्या कायद्यात शिकारच धरलंय. मग रात्री बॅटरी मारून बार काढणारा माणूस सकाळी उजेडात रक्ताचा माग काढत दुसऱ्याच्या बागेतून फिरेल का? त्याला तर गावात दिसायचंच नसतं. पहिली गोळी चोरून घालता येते, दुसरी घालायला मागे जावं लागतं आणि चोराला मागे जाता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या काजूच्या बागेत खालच्या अंगाला कुत्री भुंकायला लागली म्हणून गेलो तर भेकर पडलेलं. मागच्या मांडीत छर्रे, जखम जुनी, त्यात किडे वळवळत होते आणि माशांचा नुसता गुंजार. उठायला बघायचं आणि पुढच्या दोन पायांवर घसरत पुन्हा बसायचं. माझ्या हातात कोयता होता, बेणायला निघालो होतो. आमचा गडी म्हणाला, भाऊ, सोडवा त्याला. मी हात उचलला नाही. भीतीपण होती, खोटं कशाला बोलू, पण नुसती भीती नव्हती. कायद्याच्या कलम ११ प्रमाणे बरं न होण्याइतकं जायबंदी जनावर मारायचं असेल तरी अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो, कारणासकट. इंग्लंडच्या त्याच डिअर ॲक्टमध्ये जखमी हरणाची तडफड थांबवायला कुणी काही केलं तर काही गोष्टींत सूट आहे. आपल्याकडे ती सूट नाही, आणि मला वाटतं नाही तेच बरं, कारण उद्या प्रत्येक शिकारी म्हणेल साहेब जखमीच सापडलं होतं हो. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन केला, त्यांची माणसं पिंजरा घेऊन आली, चढ उतरून येईपर्यंत ते मेलं होतं. त्यांचा काय दोष.

मला राग आला तो त्या बार काढणाऱ्याचा. त्याने जे अर्धं टाकलं ते माझ्या बागेत येऊन पडलं, आणि ते पुरं करायचा हक्क ना मला, ना गड्याला. त्याच्याकडे बंदूक होती, आणि तो घरी जाऊन झोपला.

जुनी माणसं सांगतात की शिमग्यात पारधीला जायचे तेव्हा लागलेलं जनावर टाकून यायचं नाही असा दंडक होता, हाकारे घालणारे सगळे मिळून रान पिंजायचे, संध्याकाळ झाली तरी. आजोबा हे फार अभिमानाने सांगायचे. मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, म्हातारपणी सगळीच पारध चांगली झालेली असते. पण निदान दंडक होता, आणि न पाळणाऱ्याला चारचौघांत नाव ठेवायचे. आता रात्री दुचाकीवर दोघंजण जातात, कुणाला कोण नाव ठेवणार.

तेव्हा माझं म्हणणं त्या बंधूंना आणि सरकारलाही. भेकराला, सांबराला बाणाची परवानगी अजिबात नको, भेकर काय एवढं खातं हो, काजूच्या रोपांना चार काटक्यांचं कुंपण केलं तरी भागतं. रानडुकरांचं वेगळं, तिथे वनखात्याकडून परवाना घेऊन पारध करायची सोय महाराष्ट्रात आहे, ती आणखी सुटसुटीत करा, जरूर करा, पण तिथेही बाण नको. खांद्यावर ढालीसारखं जाड, कडक कातडं असलेला डुक्कर, आणि जखमी डुक्कर भाताच्या बांधावर बायामाणसं कामाला जाणार तिथेच दडून बसणार, हे काय वेगळं सांगायला पाहिजे. नीट रायफल चालवणारा माणूस, सोबत माग काढणारा कुत्रा (डोंगरात माग काढणारी चांगली कुत्री आपल्याकडेपण आहेत, त्यांना शिकवलं पाहिजे), आणि परवान्यावर एक अट ठळक अक्षरांत, की रक्त दिसलं म्हणजे परवाना वापरला गेला, जनावर हातात येवो न येवो. आफ्रिकेत पैसे भरून शिकारीला जाणाऱ्यांना असंच असतं, जनावर जखमी होऊन निसटलं तरी त्याचे पूर्ण पैसे द्यायचे. एकदा खिशाला लागलं की माणूस पहिला बार काढायच्या आधी दहा वेळा विचार करतो, दयेचं प्रवचन देऊन जेवढं होत नाही तेवढं याने होतं. आणि ज्याच्याकडून जनावर निसटलं त्याने तासाभरात रेंज ऑफिसला आणि शेजारच्या वाडीला फोन करायचा, लाजून गप्प बसायचं नाही. फोन केला म्हणून त्याच्यावर केस नाही, नाही केला तर मात्र करा.

त्या पत्राखाली आपण संपादकीय टीप टाकायला हवी होती की हे सध्या बेकायदेशीर आहे म्हणून, ती नव्हती, तेवढी तक्रार नोंदवून ठेवतो. आमच्या वाडीतल्या पोरांनी ती वाचली असती तर बरं झालं असतं.

आणि ज्यांनी धनुष्य मागवूनच टाकलंय त्यांना सांगतो, रिटर्न करायची गरज नाही, तिरंदाजी खेळ म्हणून झकास आहे, पोरापोरींना शिकवा. माझ्या खळ्यामागे पेंढ्याची उडवी रचलेली आहे. रविवारी या, वीस पावलांवरून दहातले किती एका तळहातात बसतात ते मोजूया, चहा माझ्याकडून. बाण मात्र ज्याचे त्याने उपसून न्यायचे, गुरांच्या पेंढ्यात ब्लेड राहिलं तर आमची बायको तुम्हाला सोडणार नाही.

आपला,
एक काजू बागायतदार
ता. लांजा, जि. रत्नागिरी